पडल्या त्या जाऊबाई

कात्रीमावशी गेल्या, ही बातमी आमच्या गल्लीत दुपारच्या चहाआधी पसरली आणि चहा उकळेपर्यंत खोटी ठरली. तेवढ्या वेळात तिने बरीच कामं उरकून घेतली. समोरच्या चष्मेवाल्याने दुकानाचं शटर अर्धं खाली ओढलं. इस्त्रीवाल्याने इस्त्री उभी करून ठेवली आणि हात मागे बांधून गंभीर चेहरा केला. आणि मावशींकडे कोट शिवायला टाकलेल्या एका गृहस्थांनी, डोळे पुसता पुसताच, कापड कापून झालंय की अजून अख्खं आहे याची हळूच चौकशी केली.

प्रत्यक्षात मावशी धडधाकट होत्या. धडधाकट म्हणजे, लकव्याचा झटका येऊन गेलेल्या सत्तरीच्या बाईने जितकं असावं तितक्या. त्या मागच्या दाराने निघून बटणवाल्याकडे गेल्या होत्या, पँटची चेन आणायला. घरात पडल्या होत्या त्या जाऊबाई, आणि जाऊबाईंच्या कमरेला मावशींचा पट्टा होता. पराचा कावळा होतो म्हणतात. इथे एका कापसाच्या बाईचं प्रेत झालं. हे नीट सांगायचं तर टीप जरा मागून उसवावी लागेल.

कात्रीमावशी हे नाव गल्लीने ठेवलेलं. त्या हाताने कापड कापतात आणि तोंडाने माणूस. दोन्हीकडे धार सारखीच. धंदा पुरुषांच्या कोट-पँटचा. दुकान मुळात नवऱ्याचं, राहत्या घराच्याच पुढच्या खोलीत. नवरा पुढे उभा राहून मापं घ्यायचा, मावशी पडद्यामागे मशीनवर बसून शिवायच्या, आणि गिऱ्हाईक बाहेर पडताना म्हणायचं, मास्तरांचा हात म्हणजे हात. मास्तर गेले तेव्हा सगळ्यांना वाटलं, आता दुकानाला कुलूप. मावशींनी पडदा उतरवला, इस्त्रीच्या टेबलाला त्याची खोळ शिवली, टेप गळ्यात घातली आणि पुढे येऊन उभ्या राहिल्या.

पुढे आल्यावर त्यांना पहिला शोध लागला तो हा, की बाईच्या हातात टेप दिसली की पुरुषाचं पोट आपोआप आत जातं. मोठमोठी पोटं, वर्षानुवर्षं निवांत बाहेर बसलेली, क्षणात कुठे गडप व्हायची कोण जाणे.

“पोट सोडा,” मावशी म्हणायच्या.

“सोडलेलंच आहे.”

“मग श्वास का घेत नाही?”

गिऱ्हाईक ओशाळायचं, पण पोट काही सोडायचं नाही. मग मावशींनी युक्ती काढली. टेप कमरेभोवती सैल धरायची आणि सहज विचारायचं, “त्या तुमच्या मेव्हण्याचं काय झालं हो पुढे?” मेव्हण्याचा विषय निघाला की माणूस तावातावाने बोलू लागतो, आणि बोलता बोलता पोट आपल्या जागी परत येतं. तेवढ्यात माप घेऊन मोकळं व्हायचं. “मापाला लबाडी केलीत तर कोट घालायच्या दिवशी ती उघडी पडते,” हे वाक्य गल्लीतल्या झाडून सगळ्या नवरदेवांनी त्यांच्या तोंडून ऐकलेलं आहे.

जाऊबाई म्हणजे कोट चढवून बघायचा पुतळा. लाकडी तिपाईवर उभं केलेलं, आत कापूस ठासलेलं, बिनडोक्याचं धड. मास्तरांनी तो जुन्या बाजारातून आणला तेव्हा मावशींनी त्याच्याकडे वरून खाली बघितलं आणि म्हणाल्या, “अंगाने माझ्यापेक्षा नीटस, कामाला हात नाहीत, आणि दिवसभर घराच्या मधोमध उभी. ही तर माझी जाऊच.” खऱ्या जाऊबाई त्या वेळी तिथेच बसून चहा पीत होत्या असं सांगतात. तेव्हापासून तो पुतळा जाऊबाई झाला आणि खऱ्या जाऊबाईंचं येणं-जाणं कमी झालं. पुढे तिपाईचा एक पाय मोडला. त्याच्याखाली पुठ्ठ्याची घडी सारली की जाऊबाई सरळ उभ्या राहायच्या.

झटका आला तो कटिंगच्या टेबलाशीच. उजव्या हातात कात्री, डाव्या हाताखाली कापड. कापड सरकायला लागलं तशा मावशी कापडावर चिडल्या. मग टेबलावर चिडल्या. मग डावा पाय खालून निघून गेला, तेव्हा त्यांच्या लक्षात आलं की कापडाची काही चूक नव्हती. हॉस्पिटलातून बाहेर आल्या त्या काठी घेऊन, डावा पाय किंचित फरफटत, डावी मूठ अर्धवट मिटलेली. जीभ मात्र जशीच्या तशी. डॉक्टर म्हणाले, हे नशीब. गल्लीत यावर दोन मतं होती.

मावशींना एकच मुलगा. तो विम्याच्या ऑफिसात आहे, आणि कुठे काय बिघडू शकतं याचा विचार करण्याचाच त्याला पगार मिळतो. राहतो शहराच्या दुसऱ्या टोकाला, चौथ्या मजल्यावर. हॉस्पिटलनंतर मावशी काही दिवस त्याच्याकडे राहून आल्या. खोली हवेशीर, गादी मऊ, सून गुणी. सून गुणी हीच मोठी अडचण; भांडायला काही सापडेना आणि दिवस जाईना. सगळं हातात मिळायचं. मावशी सोफ्यावर बसून असायच्या, दवाखान्यात नंबर लावून बसल्यासारख्या. एके दिवशी त्यांनी खिडकीच्या पडद्याची टीप उसवली आणि एका हाताने पुन्हा घालायला घेतली.

“फाटला होता का पडदा?” सुनेने विचारलं.

“पडदा ठीक आहे. मी उसवतेय इथे,” मावशी म्हणाल्या.

त्यांनी परत जायचा हट्टच धरला. मग माय-लेकात तह झाला.

“एकटी राहतेस, राहा,” मुलगा म्हणाला. “पण पडलीस की मी न्यायला येणार. त्या दिवशी वाद घालायचा नाही.”

“कबूल.”

“पडलीस आणि लपवलंस, असंही चालणार नाही.”

“मी पडले तर दणका गल्लीभर ऐकू जाईल. माझं वजन बघ.”

“मी ऑफिसात असतो. मला ऐकू येणार नाही.”

त्यावर तोडगा म्हणून तो त्यांना फिजिओबाईकडे घेऊन गेला.

फिजिओबाई म्हणजे तिशीची, केस वर बांधलेली, पायात खेळायचे बूट घालणारी पोरगी. झटका येऊन गेलेल्या वयस्कर माणसांचा तोल मोजणं हे तिचं काम. पूर्वी हे नुसतं बघून ठरवायचे. आता तिच्याकडे काडेपेटीएवढी एक डबी होती. ती पट्ट्याने कमरेला बांधायची, मागच्या बाजूला, कण्याच्या खालच्या टोकाशी. माणूस उभं राहिलं की कंबर कुठे आणि किती झुलते ते डबी टिपते आणि कॉम्प्युटरवर त्याची रेघ उमटते.

मावशींना उभं केलं. पाय जुळवून. मग डोळे मिटून. मग जाड फोमच्या गादीवर. मग खुर्चीतून उठून समोरच्या खुणेपर्यंत जायचं, वळायचं, परत येऊन बसायचं. शेवटी उभ्या उभ्या शंभरातून तीन-तीन वजा करत उलटं मोजायला लावलं.

“हे कशाला? माझा पाय कच्चा आहे, गणित नाही.”

“मन दुसरीकडे गेलं की तोल कसा राहतो ते बघायचंय, मावशी.”

स्क्रीनवर मावशींच्या तोलाची रेघ दिसत होती, गोल गोल फिरून स्वतःच्याच अंगावर आलेली. मावशींनी ती बघून तोंड वाकडं केलं. बॉबिनचा दोरा गुंतला की असाच दिसतो.

“यात मी पास की नापास?”

“पास-नापास नसतं हो यात. इथे माझ्यासमोर सगळेच सांभाळून उभे राहतात. घरी काय होतं ते मला हवंय. हा पट्टा आठवडाभर घाला, उठल्यापासून झोपेपर्यंत. फक्त अंघोळीला काढा. बाकी नेहमीसारखं वागा. रेघ रोज मला आणि तुमच्या मुलाला दिसेल. आणि समजा पडलात, तर डबी त्यांच्या फोनवर निरोप पाठवेल.”

“म्हणजे चहाडखोर आहे.”

“काळजी करणारी आहे,” मुलगा म्हणाला.

“तेच म्हणतेय मी.”

पास-नापास नसतं, हे वाक्य मावशींच्या एका कानातून आत गेलं आणि तिथेच कुठेतरी हरवलं. कमरेला पट्टा आणि पट्ट्याच्या दुसऱ्या टोकाला मुलाचा फोन, याला परीक्षा म्हणत नाहीत तर काय म्हणतात? मुलगा निकाल बघणार, आणि निकालावरून ठरणार, टेबल की सोफा. तेव्हा मावशींनी मनाशी ठरवून टाकलं, डबीला चांगलं तेवढंच दाखवायचं.

घरात कुठे काय होतं हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. टेबलाच्या कडेला हात टेकून उभं राहिलं की काही होत नसे. तिथे पट्टा कमरेला. बेसिनपाशी तोंडाला साबण लावून डोळे मिटले की पायाखालची जमीन होडी व्हायची. तिथे जायच्या आधी पट्टा काढायचा. टेबलाच्या कोपऱ्याशी डावीकडे वळताना पाय मागेच राहायचा, काढायचा पट्टा. मागच्या दाराची पायरी, ठेंगणं स्टूल, वरच्या फळीवरचं अस्तर, सगळीकडे तेच.

काढलेला पट्टा ठेवायचा कुठे, हा प्रश्न आला. आडवा ठेवला आणि डबीने बाई आडव्या झाल्या असं कळवलं तर काय घ्या? पट्टा उभाच राहायला हवा. आणि त्या घरात मावशींखेरीज कंबर असलेलं दुसरं कोण होतं? जाऊबाईंना पट्टा झकास बसला. मावशींपेक्षा झकास बसला, याचं मावशींना थोडं वाईटही वाटलं.

ताकाला जायचं आणि भांडं लपवायचं, तसा तो आठवडा गेला. मुलगा संध्याकाळी फोन करायचा.

“आई, रेघ एकदम छान येतेय.”

“येणारच. मी काय आज चालायला शिकले?”

फोन ठेवल्यावर मात्र मावशींना बरं वाटत नसे. एका सकाळी तर त्या बेसिनपाशी अशा झुकल्या होत्या की नळ हाताला लागला म्हणून वाचल्या. तशाच नळाला धरून उभ्या होत्या, तोंडावरचा साबण वाळेपर्यंत. हे सांगावं असं माणूस घरात नव्हतं, आणि जिला सांगता आलं असतं ती डबी जाऊबाईंच्या कमरेला मजेत होती.

आठवडा संपत आला आणि एका दुपारी पँटची चेन कमी पडली. बटणवाल्याचं दुकान मागच्या बोळाच्या टोकाला. झटक्यानंतर मावशी तिथवर एकट्या गेल्या नव्हत्या. डबीला घेऊन जाण्यात तर काही अर्थच नव्हता. त्यांनी पट्टा जाऊबाईंना बांधला, काठी घेतली, आणि मागच्या पायरीवरून आधी काठी, मग वाईट पाय, मग चांगला, अशा उतरल्या. दार नुसतं लोटून घेतलं. जाऊबाईंच्या अंगावर तेव्हा खांद्यात पॅड भरलेला जाडजूड कोट होता. वाऱ्याने दार आपटलं, फरशी हादरली, पुठ्ठ्याची घडी सरकली आणि जाऊबाई तोंडावर आल्या.

डबीने आपलं काम चोख केलं. मुलाच्या फोनवर निरोप उमटला: पडल्याची नोंद, त्यानंतर हालचाल नाही. त्याने आईला फोन लावला. तो टेबलावर वाजत राहिला. मग त्याने चष्मेवाल्याला लावला.

“काका, आईकडे जरा बघता का? पडलीय बहुतेक.”

चष्मेवाला पळत रस्ता ओलांडून गेला आणि दुकानाच्या काचेला नाक लावून उभा राहिला. गल्लीभर लोकांची नजर तपासणारा हा माणूस. त्याचा स्वतःचा चष्मा त्या वेळी कपाळावर होता. टेबलामागून त्याला कोटाची एक बाही दिसली आणि फरशीवर पालथं धड दिसलं. डोकं दिसत नव्हतं, पण ते टेबलाखाली असणार असं तो धरून चालला. त्याने काच वाजवली, हाका मारल्या. मग गल्लीकडे वळून, आवाज खाली आणत म्हणाला, “पडल्यात. हलत नाहीत.”

‘हलत नाहीत’चं इस्त्रीवाल्यापर्यंत पोचेपर्यंत ‘राहिल्या नाहीत’ झालं होतं.

पुढच्या दाराला आतून कडी होती. कोणीतरी कुलूपवाल्याला आणायला गेलं, बाकीचे दारासमोर जमले. मागच्या दाराचा विचार कोणाच्या डोक्यात आला नाही. दुःखात माणसाला मागचं दार सुचत नाही. मावशी बोळातून परत येत होत्या, तर पुढून गलका ऐकू आला. काय आहे ते बघायला त्या वळसा घालून पुढे आल्या आणि गर्दीतल्या शेवटच्या माणसामागे काठी टेकून उभ्या राहिल्या.

“काय झालं हो?”

शेवटचा माणूस म्हणजे ते कोटवाले गृहस्थ. मान न वळवताच म्हणाले, “कात्रीमावशी गेल्या.”

“कधी?”

“आत्ताच. मुलाला फोनवर कळलं.”

“त्रास नाही ना झाला फार?”

“नाही म्हणतात. पटकन गेल्या. बोलायला तिखट होत्या, पण खांदा बसवावा तर त्यांनीच. माझा कोट राहिला बघा.”

“राहिला नाही, कापून ठेवलाय,” मावशी म्हणाल्या. “आणि मापाला पोट आत घेतलं होतंत, ते मी अंदाजाने सैल धरलंय.”

गृहस्थ वळले. त्यांचं पोट आपोआप आत गेलं. चष्मेवाल्याने चष्मा कपाळावरून नाकावर घेतला, मावशींना एकदा नीट बघितलं आणि जाऊन आपलं शटर वर केलं.

मुलगा टॅक्सीने पोचला तेव्हा मावशी खुर्चीत बसून पँटला चेन टाचत होत्या. जाऊबाई अजून खालीच होत्या. त्या एकट्या मावशींना उचलेनात, आणि गर्दीतल्या कोणाला हात लाव म्हणायची मावशींना लाज वाटली. मुलाने आईकडे बघितलं. मग खाली बघितलं. मग जाऊबाईंच्या कमरेकडे.

“हा पट्टा हिच्या कमरेला काय करतोय?”

“मी बाहेर गेले होते.”

“बाहेर जातानाच घालायचा असतो ना तो?”

कात्रीमावशी काही बोलल्या नाहीत. त्या दिवसातली खरी बातमी ही. पण हिच्यावर गल्लीत कोणी विश्वास ठेवला नसता.

“म्हणजे आठवडाभराची ती सुंदर रेघ हिची,” मुलगा म्हणाला. तो ओरडला नाही. चष्मेवाल्याने फोनवर ‘हलत नाहीत’ एवढंच सांगितल्यावर टॅक्सीतला सगळा रस्ता त्याने आई आता नाही असं समजून काढला होता; बातमी खोटी ठरल्याचं त्याला कळवायचं कोणालाच सुचलं नव्हतं. “उद्या फिजिओबाईंना इथेच बोलावतो. त्या काय म्हणतील ते ऐकायचं. नाही म्हणाल्या तर बॅग भरायची.”

“मी पडले नाहीये.”

“आज नाही पडलीस.”

दुसऱ्या दिवशी सकाळी फिजिओबाई आली. तिने लॅपटॉप कटिंगच्या टेबलावर उघडला आणि रेघेवर बोट ठेवलं.

“हे बघा मावशी, इथे तुम्ही आहात. बारीक बारीक थरथर दिसतेय ना? आणि इथून पुढे,” बोट सरकलं, “एकदम सपाट. दोन दिवसांपूर्वी बघितलं तेव्हाच मला शंका आली होती. म्हटलं, या बाई श्वास घेतात की नाही? उभा माणूस श्वासाने तरी हलतो.”

मावशींनी त्या सपाट रेघेकडे बघितलं. “ओरड आता,” त्या म्हणाल्या.

“ओरडत नाही. पण तुम्ही जे लपवलंत ना, मला नेमकं तेच हवं होतं. टेबल धरून तुम्ही नीट उभ्या राहता, हे मला न मोजताही दिसतंय. तोल कुठे जातो, कशाने जातो, हे कळलं असतं तर तिथे काहीतरी करता आलं असतं. आता माझ्याकडे माप आहे, पण कोणाचं? हिचं.” तिने जाऊबाईंकडे मान वळवली. जाऊबाईंना मुलाने उचलून भिंतीला टेकवून ठेवलं होतं. “हिला माझी काही गरज नाही.”

मुलगा खिडकीशी पाठमोरा उभा होता.  खुर्चीत बसलेल्या मावशींच्या डोळ्यांसमोरून एकेक गिऱ्हाईक चाललं होतं, छाती काढलेलं, श्वास कोंडलेला, बाईला काय कळतंय असा चेहरा केलेलं. या सगळ्यांना त्यांनी तोंडावर सुनावलं होतं. आणि टेप आपल्या कमरेभोवती आली तेव्हा आपण काय केलं? पोट आत घेतलं. नुसतं घेतलं असतं तरी एक वेळ ठीक. आपण तर मापाला दुसरीच बाई उभी केली, तीही कापसाची. असा कोट शिवला असता तर तो बसला कोणाला असता?

“आण तो पट्टा,” त्या म्हणाल्या. “घे माप. सोडलंय पोट.”

फिजिओबाईला यातलं अर्धंच कळलं, पण तिने पट्टा बांधला.

“आधी बेसिन,” मावशी म्हणाल्या, आणि त्यांनी स्वतःच सगळं घर दाखवायला सुरुवात केली, कापडातले डाग दाखवावेत तसं. तोंडाला साबण लावला, डोळे मिटले. कंबर आधी डावीकडे गेली, मग मागे. फिजिओबाई त्यांच्या मागे दोन्ही हात पसरून उभी होती, पण तिने हात लावला नाही. मुलगा धावून पुढे आला तशी तिने त्याला नजरेनेच थोपवलं. मावशींचा खांदा भिंतीला लागला, हाताने नळ शोधला, त्या सावरल्या.

“रोज असं होतं?” मुलाने विचारलं.

“रोज तोंड धुते मी,” मावशी म्हणाल्या.

मग टेबलाचा कोपरा. हातात कापड घेऊन डावीकडे वळल्या, पाय मागे राहिला, त्यांनी टेबलाची कड धरली. मग ठेंगणं स्टूल. त्यावरून उठायला दोनदा फसल्या, तिसऱ्यांदा उठल्या. पायरी काठीने निभावली. शेवटी टेबल सोडून मोकळं उभं राहायचं आणि उलटे आकडे म्हणायचे.

“आकडे नको,” मावशी म्हणाल्या. “ते मी पाठ केलेत. मन दुसरीकडे न्यायचंय ना तुला? मला माझ्या जावेबद्दल विचार.”

“ही?” फिजिओबाईने पुतळ्याकडे बोट केलं.

“ही नाही. खरी.”

“बरं. कशा आहेत तुमच्या जाऊबाई?”

मावशींनी तोंड उघडलं. आस्ते आस्ते आवाज चढला, उजवा हात वर गेला, आणि स्क्रीनवरची रेघ कधी नव्हे ती कडेपर्यंत जाऊन आली. फिजिओबाईने त्यांना अर्ध्या वाक्यात खुर्चीत बसवलं. मुलगा बऱ्याच दिवसांनी हसला. मावशींची गोष्ट मात्र अर्धवट राहिली, त्याचा राग त्यांना अजून आहे.

फिजिओबाई थोडा वेळ स्क्रीनकडे बघत बसली.

“चांगलं नाहीये,” ती म्हणाली. “अगदी वाईटही नाही. पण मी खोटं सांगणार नाही, मावशी पडू शकतात.”

“मग ठरलं,” मुलगा म्हणाला.

“तुमच्याकडेही पडू शकतात. बेसिन तुमच्याकडेही असेल ना? तिथे कुठे पडतील ते मला माहीत नाही. इथे कुठे पडतील ते आता माहीत झालंय.” ती मावशींकडे वळली. “तोंड बसून धुवायचं. बेसिनला धरायला दांडी, पायरीला दांडी. हे स्टूल घरातून बाहेर. टेबल असं फिरवा की वळणं उजवीकडून पडेल. जावेबद्दल बोलायचं ते बसून. आणि पट्टा तुमच्याच कमरेला. तीन महिन्यांनी परत मोजू. तेव्हा यापेक्षा वाईट आलं, तर मीच तुमची बॅग भरायला येईन.”

 विम्याच्या माणसाला धोक्याचं वाईट वाटत नाही. धोका कुठे आहे ते माहीत नसण्याचं वाटतं. मुलाने बेसिनपाशी जाऊन भिंतीवर थापट्या मारून बघितल्या. मग आईच्या गळ्यातली टेप मागून घेतली आणि दांडीसाठी माप घ्यायला लागला.

“टेप ताणू नकोस,” मावशी खुर्चीतूनच म्हणाल्या.

“माहितीय.”

“माहितीय तर ताणतोस कशाला?”

दांडी किती लांब, सुतार कोण, टेबल कोण फिरवणार, हे सगळं ठरेपर्यंत दुपार झाली. फिजिओबाई गेली. मुलाने टेबल स्वतःच फिरवलं, चष्मेवाल्याला हाताशी घेऊन. चष्मेवाला आदल्या दिवसाची भरपाई म्हणून दोन माणसांचं काम करत होता. निघताना मुलगा दाराशी थांबला.

“आई, आपलं ठरलेलं अजून तसंच आहे. पडलीस की मी न्यायला येणार.”

“तसंच आहे,” मावशी म्हणाल्या. कोटवाल्या गृहस्थांची बाही त्यांच्या मांडीवर होती.

मुलाची नजर भिंतीला टेकलेल्या पुतळ्याकडे गेली. “हिचा पाय पार गेलाय. उद्या तुझ्या अंगावर येईल. हिला तरी घेऊन जातो मी.”

मावशींनी दाताने दोरा तोडला.

“ने की. पडेल त्याला तू न्यायचंस, असंच ठरलंय ना आपलं.”